स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत : सोसायटीत कचरा आणि कचऱ्याचे डबे ठेवण्याचे नियम

घरात कचरा तयार होतो त्या क्षणापासून तो घंटागाडीत पडेपर्यंत साधारणपणे बारा ते चोवीस तास जातात. या अवधीत कचरा कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या डब्यात आहे आणि तो डबा नेमका कोठे उभा आहे, हे ज्या सोसायटीत ठरलेले नसते तेथे ओल्या-सुक्याचे कितीही फलक लावले तरी दुर्गंधी, माश्या, भटकी कुत्री आणि तळमजल्यावरच्या रहिवाशांच्या तक्रारी या सगळ्यांचा मुक्काम कायम राहतो. सोसायटीच्या सभांमध्ये कचऱ्यावरून होणारे बहुतेक वाद वर्गीकरणाच्या नावाने सुरू होतात खरे, पण ते मुळात साठवणुकीचे असतात : डबा कोणाच्या खिडकीखाली ठेवायचा, दाराबाहेर किती वाजता ठेवायचा, धुतलेले पाणी कोठे सोडायचे आणि रिकामा डबा परत कोणी आणायचा. म्हणून या लेखात साठवणुकीचाच क्रमाने विचार केला आहे. उदाहरणासाठी पुण्यातील साठ सदनिकांची सोसायटी समोर ठेवली आहे. महाराष्ट्रातील इतर शहरांत वेळा आणि दंड वेगळे असतील, परंतु कामाचा क्रम तोच राहतो.

नियमांचे तीन थर

कचरा साठवण्यासंबंधीचे नियम एकाच ठिकाणी लिहिलेले नसल्यामुळे बराच गोंधळ होतो. सर्वांत वरचा थर केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांचा आहे. 2016 च्या नियमांनी प्रत्येक घराला जैवविघटनशील म्हणजे ओला, अविघटनशील म्हणजे सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगवेगळ्या डब्यांत साठवण्याचे बंधन घातले. त्यांच्या जागी आलेले 2026 चे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू झाले असून त्यांनी हे प्रकार चार केले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा (मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट वगैरे). पूर्वी डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याची मुभा होती. आता त्यांना स्वतंत्र डबा हवा. सोसायटीच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा आहे, कारण त्यासाठी प्रत्यक्ष जागा काढावी लागते.

दुसरा थर महापालिकेच्या उपविधींचा. कचरा किती वाजता द्यायचा, रस्त्यावर डबा ठेवता येतो की नाही, शुल्क किती आणि दंड किती, हे सगळे तेथे असते. तिसरा थर म्हणजे सोसायटीचे स्वतःचे उपविधी आणि सर्वसाधारण सभेचे ठराव. सोसायटी महापालिकेपेक्षा कडक नियम करू शकते, सैल करू शकत नाही. ‘आमच्याकडे सगळा कचरा एकत्र घेतला जातो’ असा ठराव शंभर टक्के बहुमताने झाला तरी त्याला काही किंमत नाही.

याखेरीज दोन कायदे असे आहेत की ज्यांचा कचऱ्याशी संबंध चटकन लक्षात येत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारांवर असते आणि परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर रचलेली रद्दी आणि खोकी, किंवा अग्निशमन नळाच्या डक्टमध्ये सरकवलेला कचऱ्याचा डबा, ही या यंत्रणेतील थेट अडचण ठरते. दुसरी गोष्ट कचरा जाळण्याची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाईचा आदेश दिला. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवून देणाऱ्या माळीकाकांना हा आकडा एकदा शांतपणे सांगून ठेवावा.

पहिली पायरी : आधी मोजा

डबे विकत घेण्यापूर्वी सात दिवस कचऱ्याचे वजन करावे. भंगारवाल्याकडे असतो तसा साधा लटकता काटा पुरेसा होतो. ओला, सुका आणि सॅनिटरी असे तीन आकडे रोज एका वहीत लिहावेत. त्या आठवड्यात एखादा रविवार आलाच पाहिजे, कारण रविवारचा ओला कचरा आणि इतर दिवसांचा ओला कचरा यांत चांगलाच फरक पडतो. गणपती-दिवाळीचा आठवडा मात्र मोजणीसाठी घेऊ नये.

साठ घरांसाठी घरटी रोज 800 ग्रॅम ओला आणि 300 ग्रॅम सुका कचरा धरला तर 48 किलो ओला आणि 18 किलो सुका होतो. ओला कचरा जड असतो; एका लिटर जागेत साधारण 400 ते 500 ग्रॅम मावतो. म्हणजे 48 किलोला सुमारे 110 लिटर जागा लागते. डबा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, असे धरल्यास 120 लिटरचे दोन डबे हवेत. सुका कचरा वजनाला हलका पण जागा खाणारा. तो एक दिवसाआड उचलला जात असेल तर 36 किलोसाठी साडेतीनशे ते चारशे लिटर जागा, म्हणजे 240 लिटरचे दोन डबे लागतात.

येथे एक चूक सर्रास केली जाते आणि ती पाठीच्या दुखण्यापर्यंत जाते. ‘मोठा डबा घेतला की संख्या कमी होईल’ या हिशेबाने ओल्या कचऱ्यासाठीही 240 लिटरचे चाकांचे डबे घेतले जातात. असा डबा ओल्या कचऱ्याने काठोकाठ भरला तर त्याचे वजन शंभर किलोच्या पुढे जाते, आणि तो रॅम्पवरून ओढणारी व्यक्ती बहुतेक वेळा पन्नाशीच्या पुढची बाई असते. ओल्यासाठी 120 लिटरच्या वर जाऊ नये. चाके रबराच्या पट्टीची घ्यावीत; नुसत्या प्लॅस्टिकची चाके शहाबादी फरशीवर पहाटे जो आवाज करतात त्यावरून स्वतंत्र तक्रारी येतात.

मोजणीचा दुसरा उपयोग कायदेशीर आहे. रोजचा एकूण कचरा 100 किलो किंवा त्याहून जास्त झाला की सोसायटी मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्यांच्या वर्गात मोडते आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी तिच्यावर येते. वरच्या हिशेबाने घरटी 1.1 किलो धरल्यास नव्वदएक घरांच्या आसपास ही रेषा ओलांडली जाते. वजनाच्या निकषाने आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे वहीतल्या आकड्यांनी सिद्ध करता येते. अंदाजाने केलेला दावा निरीक्षकासमोर टिकत नाही.

दुसरी पायरी : घरातली मांडणी

सोसायटीचे डबे कितीही चांगले असले तरी घरातल्या मांडणीत खोट असेल तर खाली येणारा कचरा मिसळलेलाच येतो. ओल्या कचऱ्याचा डबा सिंकखाली ठेवण्याची पद्धत आहे. तेथे अंधार, ओलावा आणि पाइपाची ऊब असल्यामुळे झुरळांची चांगली सोय होते. त्यापेक्षा तो ओट्याजवळ उघड्यावर, घट्ट झाकणाचा आणि लहान, पाच ते सात लिटरचा ठेवावा. लहान डबा रोज रिकामा करावाच लागतो, आणि तेच हवे असते. आत प्लॅस्टिकची पिशवी लावू नये. वर्तमानपत्राचे एक पान घडी घालून तळाशी ठेवले की गळणारे पाणी त्यात शोषले जाते आणि डबा धुणेही सोपे होते. चहाची पावडर, भाजीची देठे, उरलेले अन्न, मासळीचे काटे, अंड्यांची टरफले हे सगळे ओल्यात जाते. नारळाच्या करवंट्या आणि शहाळी मात्र वेगळी ठेवावीत, कारण ती कुजायला महिनोन्‌महिने घेतात आणि खताच्या खड्ड्यात तशीच सापडतात.

सुक्या कचऱ्याला एकच नियम : तो खरोखर सुका असला पाहिजे. दुधाची पिशवी हे याचे नेहमीचे उदाहरण. ती कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा न करता पिशवीला चिकटलेलाच ठेवावा, कारण सुटलेले ते त्रिकोणी तुकडे इतके बारीक असतात की ते कोणाच्याही हाती लागत नाहीत आणि थेट गटारात किंवा खतात जातात. पिशवी रिकामी झाल्यावर थोडे पाणी घालून खळबळून घ्यावी (ते पाणी कुंडीत घालावे), उलटी करून नळावर वाळत टाकावी आणि मग सुक्यात टाकावी. न धुतलेल्या दोन-तीन पिशव्या संपूर्ण डब्याला आंबूस वास आणतात आणि त्याखालचा कागद भंगारात विकण्याच्या लायकीचा राहत नाही. हे नुकसान कचरावेचकाचे असते; पुण्यात घरोघरचा सुका कचरा वेगळा करून विकणे हा त्यांच्या कमाईचा महत्त्वाचा भाग आहे.

सॅनिटरी कचऱ्याबाबत पुण्यातील ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी रुजवलेली लाल ठिपक्याची पद्धत सोपी आणि माणुसकीची आहे. वापरलेले पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे आणि त्यावर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा. ठिपका दिसला की ते पुडके उघडून पाहण्याची गरज नाही, हे वर्गीकरण करणाऱ्या व्यक्तीला समजते. काळ्या पिशवीत गाठ मारून दिलेले पुडके मात्र तिला हाताने उघडावे लागते. घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतील तर पाच लिटरचा झाकणाचा वेगळा डबा ठेवावा आणि तो रोज रिकामा करावा.

विशेष काळजीचा कचरा रोज निघत नाही, म्हणूनच तो चुकीच्या डब्यात जातो. मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, पारा असलेला थर्मामीटर, फिनेलच्या बाटल्या या वस्तूंसाठी घरात एक पुठ्ठ्याचा खोका ठरवून ठेवावा. मधुमेहाच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात आणि बाटली भरली की तिच्यावर ‘सुया’ असे लिहूनच बाहेर काढावी. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहावे. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावे आणि तुकडे झाडूने न लोटता पुठ्ठ्याने उचलावेत. जुने मोबाइल, चार्जर आणि बॅटऱ्या या घनकचऱ्यात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी ई-कचरा आणि बॅटऱ्यांचे 2022 चे स्वतंत्र नियम आहेत. फुगलेली लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे म्हणजे कागदाच्या ढिगात निखारा ठेवणे आहे. तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलनाच्या दिवसापर्यंत वेगळी ठेवावी.

तिसरी पायरी : दाराबाहेर कधी आणि किती वेळ

जेथे कचरावेचक दारोदार येतात तेथे डबा सकाळी, त्यांच्या येण्याच्या वेळेआधी अर्धा तास बाहेर ठेवावा आणि रिकामा झाल्यावर लगेच आत घ्यावा. रात्री जेवणे उरकल्यावर डबा दाराबाहेर ठेवून झोपण्याची सवय मोडली पाहिजे. रात्रभर पॅसेजमध्ये राहिलेला डबा मांजर उलटवते, उंदरांना वरच्या मजल्याचा रस्ता दाखवतो आणि जिन्याची वाट अडवतो. सकाळी लवकर कामावर जाणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी तळमजल्यावरच्या साठवण जागेत स्वतः नेऊन टाकण्याची मुभा ठेवावी, पण रात्री बाहेर ठेवण्याची सवलत देऊ नये. एकाला दिली की महिन्याभरात संपूर्ण मजला ती घेतो.

लिफ्टमधून कचरा नेण्यावरही वाद होतात. कचरावेचकांना लिफ्ट वापरू न देणे हा नियम काही सोसायट्यांत आजही आहे आणि तो सरळसरळ अन्यायाचा आहे. सात मजल्यांचा कचरा डोक्यावर घेऊन जिन्याने उतरायला लावण्यापेक्षा डब्याला झाकण असावे आणि लिफ्टची फरशी रोज पुसली जावी, एवढे ठरवले तर कोणाचीच तक्रार उरत नाही.

चौथी पायरी : साठवण जागा निवडणे

येथे सोसायटीच्या सभेचा खरा कस लागतो. सगळ्यांना डबे हवेत, पण आपल्या बाजूला नकोत. त्यामुळे भावनेने निर्णय न घेता आधी नको असलेल्या जागा नकाशावर खोडाव्यात. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळची जागा, बोअरवेलजवळची जागा, मीटर रूम, जनित्र आणि रोहित्राजवळची जागा, जिन्याखालची पोकळी, अग्निशमन बंबाचा मार्ग, आणि कोणाच्याही झोपण्याच्या खोलीची खिडकी ज्या बाजूला उघडते ती भिंत, एवढ्या जागा खोडल्या की बहुधा एक-दोनच पर्याय उरतात आणि चर्चा आपोआप आटोपते. जिन्याखालची जागा विशेष आग्रहाने सुचवली जाते, कारण ती कोणाच्या नजरेत येत नाही. पण तेथे आग लागली तर धूर सरळ जिन्यात चढतो आणि बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग बंद होतो.

उरलेल्या पर्यायांपैकी फाटकाजवळची, सावलीची आणि गाडी मागे घेता येईल अशी जागा उत्तम. नव्या इमारतींच्या मंजूर नकाशात कचऱ्यासाठी किंवा गांडूळखतासाठी जागा दाखवलेली असते. त्या जागेवर आज चारचाकी उभी असेल तर सेक्रेटरींनी नकाशा काढून सभेसमोर ठेवावा. अशा वेळी नकाशापुढे कोणाचा वशिला चालत नाही.

जागेचे माप असे काढावे. 120 लिटरचा डबा साधारण 48 सेंटिमीटर रुंद आणि 55 सेंटिमीटर खोल असतो. 240 लिटरचा 58 रुंद आणि 73 खोल. ओल्याचे दोन, सुक्याचे दोन आणि सॅनिटरीचा एक 120 लिटरचा डबा एका ओळीत लावला तर दोन डब्यांमध्ये हात घालण्याइतके अंतर धरून सव्वातीन मीटर लांबी होते. समोर डबा वळवायला आणि माणसाला वाकून काम करायला किमान सव्वा ते दीड मीटर मोकळे हवे. म्हणजे सव्वातीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी जागा साठ घरांना पुरते. सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण तेथेच बसून करायचे असेल तर आणखी तेवढीच जागा लागते, आणि ती द्यावी. रस्त्याच्या कडेला बसून वर्गीकरण करावे लागले की राहिलेला कचरा रस्त्यावरच उडतो.

पाचवी पायरी : जमीन, छप्पर आणि पाणी

साठवण जागेचे काम करून घेताना कंत्राटदार बहुधा छपरावर आणि रंगावर खर्च दाखवतो. पैसे जमिनीवर घालावेत. गुळगुळीत सिमेंटचा कोबा, मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार, उताराच्या टोकाला जाळी आणि जाळीखाली चेंबर, असा साधा क्रम असतो. हे चेंबर मैलापाण्याच्या वाहिनीला जोडलेले असले पाहिजे. पावसाळी गटाराला जोडले तर डबे धुतलेले पाणी काही प्रक्रिया न होता सरळ ओढ्यात आणि तेथून नदीत जाते. आवारातील दोन्ही वाहिन्यांची झाकणे वरून सारखीच दिसतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्लंबरला एक बादली रंगीत पाणी ओतून खात्री करून घ्यायला सांगावे.

छप्पर पत्र्याचे चालते, परंतु तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रा अशी बंद खोली केल्यास उन्हाळ्यात तिची भट्टी होते. भिंती दीड मीटर उंच ठेवून वर जाळी मारावी. दाराला खालून फट राहू देऊ नये, कारण घुशीला दोन बोटांची फटही पुरते. एक नळ आणि एक दिवा हवाच. पाणी नसलेल्या साठवण जागेतले डबे कोणीही धूत नाही, मग ठराव काहीही असो.

पावसाळ्यासाठी दोन गोष्टी. डब्याच्या झाकणावर खोलगट भाग असतो आणि त्यात पाणी साचते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे अंड्यापासून डासापर्यंतचे चक्र आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे आठवड्यातून एकदा सर्व झाकणे, रिकामे डबे आणि भंगारातले टायर किंवा कुंड्या पालथ्या करणे आवश्यक असते. दुसरे असे की पाणी निघून जावे म्हणून ओल्या डब्याच्या तळाला भोके पाडण्याचा जो जुगाड केला जातो, तो करू नये. त्यातून गळणारा रस संपूर्ण पार्किंगमध्ये रेघ ओढत जातो. तळाशी पालापाचोळ्याचा किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) चार बोटे जाड थर दिला की तो रस तेथेच मुरतो.

सहावी पायरी : डब्यांवरचे रंग आणि मजकूर

ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा हे रंग आता सर्वत्र ओळखीचे झाले आहेत. सॅनिटरीसाठी लाल आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी काळा किंवा करडा डबा ठेवावा. रंगावर फार विसंबू नये. पहाटेच्या अंधारात हिरवा आणि काळा सारखेच दिसतात. झाकणावर आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत प्रकाराचे नाव आणि तीन-चार वस्तूंची चित्रे लावावीत. मजकूर मराठीत हवा आणि घरकामाला येणाऱ्या बायकांपैकी कोणाला हिंदी किंवा कन्नड जवळची असेल तर त्या भाषेतही हवा, कारण डबा खाली घेऊन जाणारे हात बहुतेक घरांत त्यांचेच असतात. सर्वच डब्यांवर सोसायटीचे नाव आणि क्रमांक ऑइलपेंटने लिहून ठेवावेत. रिकामे डबे गाडीसोबत शेजारच्या सोसायटीत जाणे हा रोजचाच प्रकार आहे.

सातवी पायरी : कचरावेचक, घंटागाडी आणि सोसायटी यांच्यातील करार

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेची स्थापना 1993 मध्ये झाली आणि त्याच चळवळीतून पुढे वर उल्लेखलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था उभी राहिली, त्यामुळे दारोदार संकलनाची येथे जुनी घडी आहे. तरीही लेखी बोलणे करून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते. कचरा किती वाजता उचलला जाईल, सुटीच्या दिवशी बदली कोण येईल, मासिक शुल्क कोणत्या तारखेला आणि एकत्र दिले जाईल की घरटी, सुका माल विकण्याचा हक्क कोणाचा, हातमोजे, साबण व पाणी कोण देईल, या गोष्टी एका पानावर मावतात. सुक्या मालाच्या हक्काविषयी मी ठाम आहे. काही कार्यकारी समित्या पुठ्ठा आणि बाटल्या बाजूला काढून स्वतः विकतात आणि उरलेला निरुपयोगी प्लॅस्टिकचा ढीग कचरावेचकाकडे सोपवतात. त्यातून वर्षाला मिळणारे पैसे एका घराच्या महिन्याच्या देखभाल शुल्काइतकेही क्वचित भरतात, आणि त्या बदल्यात मन लावून वर्गीकरण करणारी व्यक्ती सोसायटी गमावते.

डबे गाडीसाठी बाहेर काढण्याची वेळ आली तर ते पदपथावर न ठेवता फाटकाच्या आत, गाडीच्या हाताला येतील असे ठेवावेत. गाडी येऊन गेल्यावर अर्ध्या तासात डबे धुऊन जागेवर गेले पाहिजेत, आणि हे काम वॉचमनचे की सफाई कर्मचाऱ्याचे, ते नावानिशी ठरवावे. ‘कोणीतरी करेल’ अशी सोडलेली कामे सोसायटीत कोणीच करत नाही.

आठवी पायरी : ओला कचरा आवारातच जिरवायचा असेल तर

खतनिर्मितीचा पूर्ण विषय येथे घेता येणार नाही, परंतु साठवणुकीवर तिचा मोठा परिणाम होतो. आवारात खत होत असेल तर ओला कचरा चोवीस तास साठवण्याची गरजच राहत नाही. सकाळी गोळा झालेला कचरा दहा-अकरा वाजेपर्यंत खड्ड्यात किंवा पिंपात जातो. ओल्या कचऱ्याइतक्याच आकारमानाचा वाळला पाला मिसळावा लागतो, म्हणून पाल्यासाठी जाळीचा एक मोठा हौद साठवण जागेशेजारीच हवा. फेब्रुवारी ते एप्रिल या पानगळीच्या काळात तो भरून ठेवला की पावसाळाभर पुरतो. माळीकाकांच्या पाला जाळण्याच्या सवयीवरही हाच खरा उपाय आहे.

पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण असे प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सवलत देते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू आहे की नाही याची पाहणी होते आणि बंद आढळल्यास सवलत जाते. पाहणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यावर ताजे शेण पसरण्याचा प्रयोग अनेकांनी केलेला आहे; निरीक्षक हाताने वरचा थर बाजूला करतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

लहान गावातही हे जमते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरांतून अनेक प्रकारांत वेगळा केलेला कचरा घेतला आणि जुन्या कचराभूमीचे रूपांतर लोक मुद्दाम पाहायला येतात अशा जागेत केले. तेथील घरे पुण्यातील घरांपेक्षा काही वेगळ्या मातीची नाहीत.

ठराव, नोटीस आणि दंड

एवढी तयारी झाल्यावर नियम लिहावेत, आधी नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत कचरा साठवणुकीचे नियम हा स्वतंत्र विषय ठेवावा आणि मसुदा नोटिशीसोबतच सर्व सभासदांना द्यावा. भाडेकरूंनाही त्याची प्रत द्यावी. भाडेकराराच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या कागदपत्रांत ती जोडली तर ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ हा प्रश्न उरत नाही. सोसायटीला दंड लावायचा असेल तर तो सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला असावा आणि लावण्यापूर्वी संबंधिताला लेखी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेले असावे. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या डब्याचा फोटो टाकून नाव जाहीर करणे हा दंड नव्हे, तो केवळ भांडणाचा मुहूर्त असतो. पहिल्या महिन्यात दंड न लावता मिसळलेला डबा तसाच दारात परत ठेवावा आणि त्यावर छापील चिठ्ठी चिकटवावी. डबा परत आला की दुसऱ्या दिवशी बहुतेक घरे सुधारतात.

नेहमीपेक्षा वेगळे दिवस

सणावाराचा कचरा नेहमीच्या डब्यांत बसवण्याचा हट्ट धरू नये. गणेशोत्सवात निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवावा आणि त्यात दोरा, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या माळा जाऊ नयेत याकडे मंडळातल्या एका व्यक्तीने लक्ष द्यावे. सजावटीचा थर्माकोल आणि प्लॅस्टिक-थर्माकोलच्या एकदा वापरून फेकायच्या ताटल्या यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे तो कचरा निर्माणच होता कामा नये. सोसायटीच्या मोकळ्या जागेत शंभरापेक्षा जास्त लोकांचे जेवण असेल तर 2016 च्या नियमांनी महापालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवण्याचे बंधन घातले होते. ती सवय आजही ठेवावी आणि केटररशी बोलताना उरलेले अन्न व पत्रावळी कोण नेणार हे आगाऊ रकमेच्या पावतीवरच लिहून घ्यावे.

दिवाळीच्या साफसफाईत गाद्या, तुटक्या खुर्च्या आणि जुने कपाट बाहेर निघते. या वस्तू साठवण जागेत आणून टाकू देऊ नयेत. दिवाळीपूर्वीचा एक शनिवार ठरवून भंगारवाला आणि महापालिकेची गाडी बोलवावी आणि त्या सकाळीच वस्तू खाली आणाव्यात. घराच्या नूतनीकरणातून निघणारा राडारोडा तर घनकचऱ्यात धरतच नाहीत. तो गोण्यांत भरून संबंधित सभासदाच्या पार्किंगमध्येच ठेवायला लावावा, त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी अनामत रक्कम घ्यावी आणि महापालिकेच्या राडारोडा केंद्राची पावती दाखवल्यावरच ती परत करावी.